एक माघारी राहिली

जुबे, तुझी गाठ मी कापली होती, हे आता छापून जाऊ दे. तू जिथं तिथं सांगत फिरायचीस, मी नाकारायची. आता नाकारायला समोर कुणी नाही, त्यामुळं नाकारण्यातली मजाच गेली.

स्टाफरूमच्या टेबलावर सुतळीचं एक कडं पडलं होतं. हातभर सुतळी, दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाकलेली, आणि मधे गुंता. मी नुकतीच नोकरीला लागलेले. समाजशास्त्राची कोरी करकरीत एम.ए., खांद्यावर पिन लावून बसवलेला पदर, डोक्यात हवा. त्या काळची मालन म्हणजे जगातला प्रत्येक गुंता आपल्याच वाटेकडं डोळे लावून बसलाय, अशा समजुतीची बाई. मला वाटलं, पेपरांचे गठ्ठे बांधायची सुतळी कुणीतरी गबाळ्यासारखी टाकून गेलंय. दोन तास मोकळे होते. ओढून बघितली, उलटी करून बघितली, शेवटी दातांनी बघितली. दातांनी, जुबे! मग ऑफिसातनं कात्री आणली आणि कच्च. सुतळी सरळ केली, छान गुंडाळी केली, वर एक फुलाची गाठ मारली आणि टेबलाच्या मधोमध ठेवून दिली. कुणीतरी शाबासकी देईल म्हणून तिथंच बसून राहिले.

तू आलीस. हिरवी सुती साडी, जाड चष्मा, बोटांना खडू. गणिताच्या जुबेदाबाई, एवढंच मला माहीत होतं.

"इथं माझी गाठ होती."

"सोडवली," मी म्हटलं. "लय गुंता होता."

तू गुंडाळीकडं बघितलंस, कात्रीकडं बघितलंस. त्या संध्याकाळी सगळ्या कॉलेजपुढं तुझं व्याख्यान होतं आणि न सुटणारी गाठ म्हणून तेच कडं दाखवायचं होतं, हे मला नंतर कळलं. दुसरी कुणी असती तर माझ्या झिंज्या धरल्या असत्या. तू खुर्ची ओढून बसलीस.

"किती वेळ झटत होतीस?"

"दोन तास."

"सुटली नाही?"

"नाही ना. म्हणून तर कापली."

"मग ती सुटत नाही, हे सिद्ध झालं का?"

"झालंच की! मी दोन तास…"

"न्हाई झालं," तू म्हणालीस, आणि पहिल्यांदाच तुझ्या तोंडून आपल्या घरची भाषा ऐकून मला बरं वाटलं. "तुला सुटली न्हाई, एवढंच झालं."

संध्याकाळी तू ती दोन टोकांची सुतळी सगळ्यांना दाखवलीस आणि सांगितलंस, की गणितातल्या गाठीला टोकं नसतात. टोकं मोकळी असली की कुठलीही गाठ सुटते, आज एका बाईंनी ते करून दाखवलंच आहे. सगळा हॉल माझ्याकडं बघून हसला. पुढं तू काय बोललीस, मला काही कळलं नाही. कान लाल झाले होते. ते न कळणं पुढं माझ्याकडं किती वर्षं मुक्कामाला राहणार होतं, हे तेव्हा कुणाला माहीत!

*

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस. तू मला घरी नेलंस. सांगलीच्या पेठेतलं तुमचं दुकान, खाली दोरखंड, सुतळी, कासरे, नाडे, आणि वर राहती घरं. जिना चढताना वाखाचा वास नाकात बसायचा. अजून कुठं नवा दोर दिसला की मी हुंगून बघते, लोक म्हणतात म्हातारी बिघडली. खाली गल्ल्यावर तुझा धाकटा भाऊ, बशीर. वर तुझी खोली, एक खिडकी, एक टेबल आणि पाटावर भडंगाची परात.

तिथं आपला नियम ठरला. त्या आठवड्यात जे काम केलं ते एकीनं सांगायचं. खडू नाही, कागद नाही, नुसतं तोंडानं. दुसरीनं ऐकायचं आणि मग तेच माघारी सांगायचं, आपल्या शब्दांत, जोवर पहिली "व्हय, हेच" म्हणत नाही तोवर. 'म्हणजे थोडक्यात' हे शब्द वापरायला बंदी. जी 'थोडक्यात' म्हणते तिला काही कळलेलं नसतं, हे तुझं मत. माघारी चुकली तर साताऱ्याहून येताना कंदी पेढे आणायचे. माझं माहेर साताऱ्याकडचं, आणि चुकायचेही मीच, त्यामुळं तू त्या काळात बरीच गोल झालीस.

खालून बशीरभाईंची हाक यायची, "आपा, झाली का न्हाई तुमची माघारी? कुलूप लावायचंय!"

माझं काम तेव्हा माण तालुक्यात चालू होतं. म्हसवडच्या आसपासची गावं, घरटी एक माणूस फौजेत. नवरा तिकडं सरहद्दीवर असताना घरातले निर्णय कोण घेतं, हा माझा प्रश्न. मी घरोघर फिरले, शेकड्यानं बायकांना विचारलं आणि तक्ता करून तुझ्यापुढं मिरवायला आले. सगळ्यांचं उत्तर एकच होतं, मालक. मी त्यावर पुरुषसत्तेचं एक भलंथोरलं भाषण ठोकलं. तू भडंग खात ऐकलंस आणि माघारी सुरू केलीस.

"म्हणजे मालक लडाखला. इथं बैल आजारी पडला. बाईनं पत्र टाकलं. पत्र जायला पंधरवडा, उत्तर यायला पंधरवडा. तोवर बैल थांबला. मेला न्हाई, बरा झाला न्हाई, पत्राची वाट बघत दावणीला उभा राहिला. बरोबर?"

"जुबे, चेष्टा करू नको."

"चेष्टा न्हाई गं, माघारी सांगतीया. आणि दुसरं, एवढ्या बायका आणि सगळ्यांचं एकच उत्तर? माणसं इतकी एकसारखी असतात का? का तू विचारताना दर घरात कुणीतरी तेच बसलं होतं?"

मी आठवून बघितलं. दर घरात उंबऱ्यावर सासू बसली होती.

तू म्हसवडला कधी पाय ठेवला नव्हतास. बैल तुला फक्त कासरा विकण्यापुरता माहीत. आणि वरच्या खोलीत बसून, नुसतं माझंच बोलणं मला परत देऊन, तू माझ्या सबंध वर्षाच्या कामाला भोक पाडलंस. मी चिडून जिना उतरले. भडंग अर्धा सोडून. बशीरभाई म्हणाले, "ताई, काय बिनसलं?" मी म्हटलं, "तुमची बहीण माणूस नाही." ते म्हणाले, "ते आमाला पैल्यापासनं ठावं हाय."

आठवडाभर फुगून मी परत माणला गेले. यावेळी कागद नेला नाही. एका बाईबरोबर बाजरी निवडत बसले. सासू देवळात जाईपर्यंत दम धरला. मग विचारलं, "मागल्या खेपेला शेरडं विकली, तेव्हा कसं झालं?"

"म्या इकली की. आणि पत्रात लिवलं, तुमी सांगितल्यापरमानं इकली."

"त्यांनी सांगितलं होतं?"

"आवं, सांगितलं असतंच की त्यांनी! त्यास्नी बी बरं वाटतं, मला बी बरं."

मी एस.टी.त बसून एकटीच हसत सांगलीला आले. तुला ते वाक्य सांगितलं. तू चष्मा काढून पुसलास, दोनदा, तीनदा. "माले," म्हणालीस, "हे वाक्य मला बापजन्मात सुचलं नसतं. हे गणितात सापडत न्हाई." माझी पीएच.डी. त्या एका वाक्यातून उगवली. व्हायवा घ्यायला आलेल्यांनी माझं कौतुक केलं, मी लाजून मान खाली घातली. तुझा बैल तसाच दावणीला उभा राहिला, त्याचं नाव मी कुणापुढं घेतलं नाही.

*

आपण भांडलो मात्र भरपूर.

"तुझ्या बायकांनी उद्या वेगळं सांगितलं तर?" तू विचारायचीस.

"तर नवा लेख लिहीन."

"माझी गाठ उद्या वेगळं सांगत न्हाई."

"म्हणून तर तुझ्या गाठीला कुणी चहा विचारत नाही!"

त्यात मधे काही वर्षं इतिहासाचे कदम सर येऊन बसायचे. पलूसकडच्या एका गावात पाटाच्या पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या भांडणाचे मोडीतले कागद ते वाचत होते. माघारी सांगणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. तू गाठ सांगितलीस की ते घसा खाकरून म्हणायचे, "प्रथम आपण गाठीची पार्श्वभूमी पाहू." पण एकदा ते सहज बोलून गेले, की कागदात तक्रार करणारा दिसतो, ज्याचं पाणी मुकाट्यानं गेलं तो दिसत नाही, म्हणून मी अर्धा वेळ कोरी जागा वाचत असतो. त्या दिवशी जाताना त्यांना परातीतला सगळा भडंग कागदात बांधून दिलास, माझा वाटासुद्धा.

तेव्हा मला वाटायचं, तिघांची तीन दुकानं आहेत. एकाचं कागदावर चालतं, एकीचं लोकांच्या तोंडावर, एकीचं नुसतं स्वतःच्या डोक्यावर. आता वाटतं, दुकानं वेगळी होती खरी, पण तिथं बसून तिघंही एकच करत होतो. आपल्याला जे वाटतं ते खरंच तसं आहे का, याची धास्ती घेऊन बसलो होतो. धास्तीच्या जाती तेवढ्या निराळ्या.

आणि ती समिती आठवते? कॉलेज तपासायला बाहेरून आलेली. कोटातल्या एका गृहस्थांनी तुला विचारलं, "मॅडम, आपल्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?" प्राचार्यांनी डोळे मिटले. तू शांतपणे म्हणालीस, "मला माहीत नाही. समाज मालनबाईंकडं असतो, त्यांना विचारा." मी तोंडात पदर कोंबला. मग सगळ्यांच्या कामाला एकाच रकान्यात गुण देऊन ते गेले. तू जिन्यावर म्हणालीस, "हळद किलोवर, ऊस टनावर, ते ठीक. पण हे विहिरीची खोलीबी किलोवर मागायला लागले की गं."

एक भांडण मात्र आपण पुरं केलं नाही. तुला पुण्याला बोलावलं होतं, मोठ्या जागी. तू गेली नाहीस. मी वैतागले. रागाच्या भरात बोलून गेले, की तू या दुकानाला बांधली गेलीस, तुझीच गाठ झाली. तू इतकी कधी चिडली नव्हतीस. "मला रूपकात घालू नको, माले. गाठ ही गाठ असते. मला इथं बसून जमतं. कागद लागतो, खिडकी लागते, सकाळी बशीरचा चहा लागतो. झालं." मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, बाई मन मारते आणि वरून शहाणपण सांगते. घरोघर फिरून बायकांचं ऐकायची मला सवय, आणि तुझं सरळ वाक्य मला ऐकू आलं नाही. सासू उंबऱ्यावर नसतानासुद्धा.

*

निवृत्तीनंतर मी साताऱ्याला मुलाकडं आले. यजमान गेल्यावर सांगलीचं बिऱ्हाड ठेवण्यात अर्थ नव्हता. माघारी फोनवर सुरू झाली. शनिवारी चार वाजता. माझ्या फोनात तुझं नाव 'जुबी गाठ' असं आहे. नात म्हणाली, "आज्जी, हे काय नाव?" मी म्हटलं, "घराणं आहे ते."

मुलगा-सून कामावर, नात कॉलेजात. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. तो माझं सगळं ऐकून घेतो, पण माघारी सांगत नाही. आठवडाभर मी गोळा करायची, कोणाकडं काय ऐकलं, कोणत्या शेजारणीनं सुनेबद्दल काय म्हणता म्हणता काय सांगितलं. शनिवारी तुझ्या पदरात ओतायची. तू तुझं सांगायचीस. दोन गाठी एकच आहेत की वेगळ्या, हे हात न लावता ओळखायचं, एवढंच तू आयुष्यभर केलंस. एवढंच, असं मी म्हणते खरी.

कारण जुबे, त्या पहिल्या गाठीची माघारी मी तुला कधीच दिली नाही. ती सुटत का नाही, हे तू मला तीन रंग घेऊन समजावलंस. पहिल्या वर्षी समजावलंस, मधे समजावलंस, माझे केस पिकल्यावर समजावलंस. दर वेळी मी मान डोलावली आणि विषय बदलला. तुला ठाऊक होतं. तू म्हणायचीस, "तुला कळलं न्हाई, हे मला कळलंय. एक माघारी राहिली तुझी." आणि मी म्हणायची, "देते की. पळून चाललेय का?"

मी नाही पळाले.

त्या शनिवारी तू मिरजेला दवाखान्यात होतीस. फोन बशीरभाईंनी तुझ्या कानाला धरला होता. आवाज दोऱ्यासारखा बारीक. "माले, आज तुझी पाळी. ती गाठ सांग." मी घाबरले. खरं सांगते, तुझ्या आजारानं नाही, परीक्षेनं घाबरले. म्हातारी बाई, नातवंडांची आज्जी! मी शेजारच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. तू हसलीस, मग खोकलीस. मी म्हटलं, "गाठ पुढच्या शनिवारी."

तू "बरं" म्हणालीस. शुक्रवारी बशीरभाईंचा फोन आला.

*

तिसऱ्या दिवशी, तुझ्या जियारतीला, मी आले. आता एस.टी.त आम्हा पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट असतं. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं. एरवी मी त्याला म्हटलं असतं, "दिसते ना लहान?" त्या दिवशी म्हटलं नाही. कराड गेलं, पलूस गेलं, दोन्हीकडं ऊस आणि मधे मी.

वर बायका बसल्या होत्या. तुझं टेबल भिंतीला सारून तिथं चटई घातली होती. मला तिथं बसवेना. खाली आले. दुकान बंद होतं, एक फळी तेवढी उघडी. बशीरभाई दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले होते.

"मालनताई, एक इचारू? रागवू नका."

"विचारा की."

"लोकं यून सांगत्यात, आपा लय मोठी हुती. पार परदेशातनं मेल आलाय म्हणं. पोरानं वाचून दावला, मला काय समजला न्हाई." ते हातातला दोर उलगडत होते, परत गुंडाळत होते. "म्या तिच्या संगं सगळी जिंदगी काढली. सकाळचा चहा मीच न्यायचो वर. कप ठेवायचा, ती मान न उचलता म्हणायची, ठेव. पर ती तितं बसून नेमकं काय करायची, हे म्या एकदाबी इचारलं न्हाई. आता कुणाला इचारू? तुमी जवळच्या. तुमी सांगा, माझी भन काय करायची?"

मी तोंड उघडलं. कापलेल्या सुतळीची गोष्ट सांगितली, अगदी रंगवून, दातांसकट. ते हसले, पाहुण्याच्या मानाला हसावं तसं.

"ते झालं वो. ते ती बी सांगायची. पर ती गाठ सुटत न्हाई, हे तिला कशावरनं ठावं?"

सगळ्या पेठेत त्या क्षणी माझ्याइतकी अडाणी बाई नव्हती. तुझ्यावर मी तासभर बोलू शकले असते, जुबे. तुझा चष्मा, तुझा राग, तुझी माप घेतल्यासारखी वाक्यं. पण तू काय करायचीस, ते तुझ्या सख्ख्या भावाला सांगायची वेळ आली आणि माझ्याकडं फक्त किस्से निघाले. मी किस्सेच जमवत राहिले होते. आणि त्यांना मी तेच म्हटलं, जे तुला म्हटलं होतं.

"पुढच्या शनिवारी सांगते."

त्यांनी मान हलवली. तू जसं "बरं" म्हणालीस, तशीच.

परतीच्या गाडीत मला रडू आलं नाही, धडकी भरली. मला हे सांगता आलं नाही, तर ते त्या घरात कुणाला कधीच कळणार नव्हतं. परदेशातली माणसं तुझ्या गाठी वाचतील. पण जिन्यानं चहा घेऊन चढणाऱ्या माणसासाठी तू 'ठेव' म्हणणारी आपा एवढीच उरशील.

घरी नातीला म्हटलं. ती म्हणाली, "आज्जी, यूट्यूबवर असेल की." होतंच. एक गोरा मुलगा भराभर हात हलवून सांगत होता. मला सगळं कळलं. मोबाइल बंद केला आणि एक वाक्य माघारी सांगता येईना. तो पुढं निघून गेला होता, त्याला माझ्या तोंडून परत काही नको होतं. तुला नेहमी हवं असायचं.

मग नातीचे स्केचपेन घेतले आणि जुन्या कॅलेंडरची पानं फाडली. मागच्या कोऱ्या बाजूवर तुझी गाठ काढली. पसरून ठेवली की एक पदर दुसऱ्याखालून जातो तिथं तो दिसेनासा होतो, त्या जागेला तू 'नाका' म्हणायचीस. तीन नाके, दिसणारे तुकडे तीन. त्यांना लाल, पिवळा, हिरवा. तुझा नियम आठवत होता. प्रत्येक नाक्यावर तिन्ही रंग भेटले पाहिजेत, नाहीतर एकच. दोनच रंग भेटलेले चालत नाहीत. इथवर मी दर वेळी यायचे आणि इथंच बसायचे. मला वाटायचं, दोरी हलवायच्या तऱ्हा तर अगणित. उद्या कुणीतरी अशी हलवेल की रंगांचा नियम मोडेल, आणि गाठ सुटेल. सगळ्या जगाला विचारल्याशिवाय कसं म्हणायचं?

बुधवारी भात लावला होता. मी चौथ्या पानावर पीळ देऊन बघत होते, आणि तुझं एक जुनं बोलणं कानात आलं, "माले, घरोघर फिरू नको." तेव्हा मला तो टोमणा वाटला होता, माझ्या विषयाला मारलेला. टोमणा नव्हता गं. तू मला सांगत होतीस. दोरी कशीही हलवली तरी तिच्या चाली मोजक्याच असतात. पीळ पडतो, एक पदर दुसऱ्यावर सरकतो, नाहीतर एका नाक्यावरून तिसरा पदर पलीकडं जातो. एवढ्याच. त्या एकेक तपासायच्या. दर चालीनंतर रंग थोडे नव्यानं भरावे लागतात, पण नियमात बसतातच, आणि सगळं मिळून एका रंगाचं कधी होत नाही. साधं मोकळं कडं मात्र एकच तुकडा, एकच रंग. मग ही गाठ ते कडं होणार कशी? घरोघर जायलाच नको. मी आयुष्यभर उंबरे झिजवून जे करत आले, ते तू एका खिडकीत बसून दुसऱ्या वाटेनं करत होतीस. तुला इथं बसून जमत होतं. तू खरंच सांगत होतीस.

मी मोठ्यानं म्हटलं, "व्हय, हेच." कुकरनं शिट्टी दिली. मी ती होकार समजले, आणि मग स्वयंपाकघरात उभी राहून रडले. भात करपला. सुनेनं दुसरा लावला. शहाणी आहे.

*

शनिवारी परत गेले. दुकान उघडलं होतं. पिशवीत कॅलेंडरची पानं आणि कंदी पेढे. कशाचे म्हणून विचारू नको, माघारीला यायला उशीर झाल्याचे.

बशीरभाईंनी मला बघितलं आणि नायलॉनची पांढरी दोरी हातभर कापली. मी दाखवली तशी गाठ घातली. लायटर पेटवून दोन्ही टोकं वितळवली, एकमेकांवर दाबून धरली आणि बोटांवर फुंकर मारली. सांधा कुठं आहे ते शोधावं लागलं. तुझ्या शिवलेल्या सुतळीपेक्षा झकास झालं होतं ते. एक गिऱ्हाईक कासरा मागायला आलं. "थांब रं जरा," ते म्हणाले, "हितं काम चाललंय."

मी गल्ल्यावर पानं पसरली. नाका सांगितला, रंग सांगितले, नियम सांगितला. पीळ दाखवला, सरकणं दाखवलं. तिसऱ्या चालीला मी अडखळले, मागं गेले, परत आले. ते मधे एकदाही 'व्हय व्हय' म्हणाले नाहीत. हातातली गाठ फिरवत होते, पानावर बघत होते, ओठ हलत होते. गिऱ्हाईकसुद्धा वाकून बघायला लागलं. शेवटी मी मोकळ्या कड्यावर आले. एकच तुकडा, एकच रंग. आणि थांबले.

त्यांनी गाठ गल्ल्यावर ठेवली. परत उचलली. वर तुझी खिडकी उघडी होती, तिचं दार वाऱ्यानं आपटत होतं. मला पुन्हा ती धडकी भरली. वाटलं, नाही जमलं. म्हातारीनं परत किस्साच केला. मी घाईनं पानं गोळा करायला लागले आणि जन्मभर जे टाळलं ते तोंडातनं निसटलंच, "म्हणजे थोडक्यात…"

बशीरभाईंनी हात वर केला.

"आवं, थांबा. आता तुमी गप बसा, मालनताई. मी माघारी सांगतो."